राजाची इतकी उघड टिंगल करूनही इंग्लंडमधले व्यंगचित्रकार तुरुंगात का गेले नाहीत?

तुमचा प्रश्न असा: तिसऱ्या आणि चौथ्या जॉर्जच्या काळात लंडनच्या दुकानांत राजाची, युवराजाची आणि पंतप्रधानांची अत्यंत अपमानास्पद चित्रं उघड विकली जात, तर ती काढणाऱ्यांना शिक्षा का झाली नाही? तिथे खरंच इतकं स्वातंत्र्य होतं का? आणि या चित्रांत हिंदुस्थान कुठे दिसतो का?

मी एचिंग करतो. धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेषा खाऊन घ्यायच्या आणि त्यावरून कागदावर प्रिंट काढायचे, हे माझं रोजचं काम. जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराकडे (१७५६–१८१५) मी आधी त्याच्या कारागिरीमुळे ओढला गेलो, त्यातलं राजकारण हळूहळू कळत गेलं. म्हणून सुरुवात एका चित्रापासूनच करतो. त्यात किती मजकूर ठासून भरला होता हे दिसल्याशिवाय तुमच्या प्रश्नाची धार कळणार नाही.

२ जुलै १७९२ ला गिलरेचं एक चित्र बाजारात आलं. युवराज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, भरपेट जेवून खुर्चीत रेललेला आहे. वयाची तिशी अजून गाठलेली नाही, पण वेस्टकोट पोटावर इतका ताणलाय की सगळा भार एकाच बटणावर आलाय. हातातल्या काट्याने तो दात कोरतोय. टेबलाखाली रिकाम्या बाटल्या. जमिनीवर जुगाराचे फासे आणि जुगारातल्या देण्यांची यादी. पाठीमागे लघवीचं भांडं काठोकाठ भरलेलं, आणि त्याच्याखाली दाबून ठेवलेली खाटीक आणि इतर व्यापाऱ्यांची न भागवलेली बिलं. बाजूला गुप्तरोगावरची औषधं, तीही त्या काळी बाजारात मिळणाऱ्या नावांची. खिडकीतून कार्ल्टन हाऊस हा त्याचा महाल दिसतो. त्या महालापायी आणि एकूण उधळपट्टीपायी झालेलं त्याचं कर्ज फेडण्यासाठी पार्लमेंटने १७८७ मध्ये १,६१,००० पौंड दिले होते, आणि तरीही देणी पुन्हा चढतच होती. भिंतीवर राजचिन्ह असावं तिथे ताटलीवर आडवे टाकलेले काटा-सुरी.

त्याच महिन्यात या चित्राचं जोडचित्र आलं. त्यात बाप तिसरा जॉर्ज उकडलेलं अंडं खातोय, विजारीला ठिगळ आहे, खुर्ची मळू नये म्हणून तिच्यावर खोळ घातलीय, आणि राणी तोंडात पालेभाजी कोंबतेय. उधळ्या मुलगा आणि कंजूष बाप, दोघेही एकाच दुकानाच्या खिडकीत.

हे सगळं पत्र्यावर उलटं काढावं लागतं, हे माझ्या मनातून जात नाही. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर चढवायचा, तो धुराने काळा करायचा, सुईने रेषा ओढून तांबं उघडं करायचं आणि मग पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. छापल्यावर डावं उजवीकडे जातं. गिलरेची पात्रं तर तोंडातून निघालेल्या फुग्यांत लांबलांब बोलतात, ती सगळी अक्षरंसुद्धा आरशातल्यासारखी उलटी कोरायची. तो लहानपणी हॅरी ॲशबी नावाच्या अक्षरं कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करत होता आणि पुढे रॉयल अकॅडमीच्या शाळेत शिकला. हात दोन्हीकडे तयार झालेला. म्हणूनच त्याच्या चित्रांत शरीररचना अचूक असते आणि विद्रूपपणा त्या अचूकपणावर उभा राहतो. युवराजाच्या त्या चित्रात तर त्याने चेहऱ्याला बारीक ठिपक्यांची छटा दिलीय, जी एरवी उच्चभ्रूंच्या पोर्ट्रेटसाठी वापरत. अपमान करायला त्यांच्याच मानाचं तंत्र वापरलं. मला हे धाडस आजही थक्क करतं.

आता शिक्षेबद्दल. इंग्लंडमध्ये छापण्याआधी सरकारी परवाना घ्यायचा कायदा १६९५ मध्येच संपला होता. म्हणून छापताना कोणी अडवत नसे. छापल्यावर मात्र राजद्रोही बदनामीचा खटला होऊ शकत होता आणि लेखकांवर, छापखानेवाल्यांवर तसे खटले झालेही. चित्राची गोष्ट अवघड होती. आरोपपत्रात लिहावं लागणार की चित्रातला हा दात कोरणारा लठ्ठ माणूस म्हणजे युवराज आहे आणि भांड्याखालची बिलं त्याची आहेत. सरकारी वकिलाला भर कोर्टात, जूरीपुढे, ते चित्र तपशीलवार वाचून दाखवावं लागणार. दुसऱ्या दिवशी तो मजकूर वर्तमानपत्रांत. बदनामी शंभरपट. त्यात १७९२ मध्येच फॉक्सचा बदनामी कायदा आला आणि मजकूर बदनामीकारक आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार न्यायाधीशाऐवजी जूरीकडे गेला. हा कायदा आणणारा, तेव्हाचा विरोधी नेता चार्ल्स जेम्स फॉक्स स्वतः या चित्रकारांचं ठरलेलं गिऱ्हाईक होता. दाट काळ्या भुवया आणि दाढीचे खुंट दिसले की तो फॉक्स, हे लंडनमधल्या कुणालाही कळायचं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही चित्रं विकत घेणारे कोण होते? साधं चित्र साधारण सहा पेन्स ते एक शिलिंग, हाताने रंगवलेलं दोन शिलिंगच्या आसपास, मोठं असेल तर त्याहून महाग. शेतमजुराची आठवड्याची कमाई तेव्हा आठ-दहा शिलिंग होती. गरीब माणूस दुकानाच्या खिडकीशी गर्दी करून फुकट बघायचा, पण घरी नेणारे खासदार, सरदार आणि व्यापारी होते. पिकॅडिलीतला फोर्स हा दुकानदार तर चित्रांचे अल्बम एका संध्याकाळपुरते भाड्याने द्यायचा, म्हणजे जेवणावळीनंतर पाहुण्यांना दाखवता येतील. गिलरेची चित्रं छापणारी हॅना हम्फ्री हिचं दुकान सेंट जेम्स स्ट्रीटवर, राजवाड्यापासून आणि बड्या लोकांच्या क्लबांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. गिलरे तिच्याच घरात वर राहायचा. खुद्द युवराज ही चित्रं विकत घेत असे. विंडसरच्या राजवाड्यात साठलेली अशी हजारो चित्रं १९२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विकत घेतली.

नव्या राजकारण्याला तर गिलरेच्या चित्रात येणं प्रतिष्ठेचं वाटे. जॉर्ज कॅनिंग, जो पुढे पंतप्रधान झाला, तरुण खासदार असताना आपलं चित्र यावं म्हणून एका मित्रामार्फत गिलरेकडे खटपट करत होता. १७९६ मध्ये त्याची इच्छा पुरी झाली. फ्रेंचांनी लंडनवर चढाई केली तर काय होईल अशा कल्पनेच्या त्या चित्रात कॅनिंग दिव्याच्या खांबाला फासावर लटकलेला आहे.

तिसरं कारण पैसा. त्याच १७९६ च्या जानेवारीत गिलरेने युवराजाच्या नवजात मुलीवर एक चित्र काढलं होतं, ख्रिस्तजन्माच्या प्रसंगाची नक्कल करून. त्यावरून धर्मनिंदेच्या आरोपाखाली त्याला पकडलंही. पण खटला पुढे गेला नाही, आणि १७९७ पासून पंतप्रधान विल्यम पिटच्या सरकारकडून त्याला वर्षाला २०० पौंड गुपचूप मिळू लागले. मध्यस्थ कॅनिंगच. त्यानंतरच्या चित्रांत फॉक्सच्या पक्षावरचा मारा वाढलेला स्पष्ट दिसतो. मला गिलरे अतिशय आवडतो, तरी हे लपवून त्याला स्वातंत्र्यवीर ठरवणं चूक होईल. पुढच्या पिढीतल्या जॉर्ज क्रुकशँकला १८२० मध्ये राजाच्या वतीने १०० पौंड दिले गेले, राजाचं कुठल्याही अनैतिक प्रसंगातलं चित्र काढणार नाही या लेखी हमीवर. चौथ्या जॉर्जच्या लोकांनी चित्रांचे तांब्याचे पत्रे आणि त्यांचे हक्कच विकत घेऊन गायब करण्यावरही बराच पैसा घातला.

तेव्हा स्वातंत्र्य होतं का, तर कुणासाठी ते बघावं लागेल. विल्यम हॉलंड नावाचा एक दुकानदार ऑक्सफर्ड स्ट्रीटवर अशीच चित्रं विकायचा, राजघराण्याची सुद्धा. त्याबद्दल त्याला कुणी हात लावला नाही. पण थॉमस पेन या राजेशाहीविरोधी लेखकाचं लिखाण विकल्याबद्दल १७९३ मध्ये त्याला वर्षभरासाठी न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं. पेनचं लिखाण कारागीर आणि मजूर वाचत होते, आणि पलीकडे फ्रान्समध्ये त्याच वर्षी राजाचं डोकं उडवलं गेलं होतं. दुकान तेच, मालक तोच, आणि सरकारला धोका कशात वाटत होता ते इथे अगदी उघडं पडतं.

१८१७ मध्ये विल्यम होन या पुस्तकविक्रेत्यावर तीन खटले झाले, १८, १९ आणि २० डिसेंबर, लागोपाठ तीन दिवस. त्याने चर्चच्या प्रार्थनांच्या चालीवर सरकारची विडंबनं छापली होती आणि ती दोन-दोन पेन्सला विकली होती. वकील न लावता तो स्वतः उभा राहिला, आधीच्या विडंबनांचे ढीगभर नमुने जूरीपुढे ठेवले, आणि तिन्ही वेळा सुटला. मँचेस्टरला १६ ऑगस्ट १८१९ रोजी सभेवर घोडदळ घातल्यानंतर त्याने क्रुकशँकला हाताशी धरून एक पुस्तिका काढली. त्यातली चित्रं लाकडी ठोकळ्यांवर कोरलेली होती. तांब्याचा पत्रा काही शे ते हजारभर प्रतींनंतर झिजतो, रेषा फिकट पडतात. लाकडी ठोकळा मात्र खिळ्यांच्या टाइपाबरोबर एकाच यंत्रावर चढतो आणि प्रचंड प्रती काढूनही टिकतो. त्या पुस्तिकेच्या पन्नासच्या वर आवृत्त्या निघाल्या. क्रुकशँकला ते १०० पौंड मिळाले ते यानंतर काही महिन्यांनीच, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

नेपोलियनबद्दल थोडंच लिहितो, कारण ते बहुतेकांना माहीत असतं. गिलरेने त्याला मोठ्या टोपीखालचा, थयथयाट करणारा इवलासा 'लिटल बोनी' केलं. प्रत्यक्षात नेपोलियन साधारण १६८ सेंटिमीटर उंच होता, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच माणसांत बुटका मुळीच नव्हता. तो बुटका होता हा समज आज जगभर आहे, त्याचा मोठा वाटा या चित्रांचा.

आता हिंदुस्थान. तो या चित्रांत सतत आहे, कारण ईस्ट इंडिया कंपनीचा पैसा हा लंडनच्या राजकारणातला मोठा वादाचा मुद्दा होता. नोव्हेंबर १७८३ मध्ये, तेव्हा मंत्री असलेल्या फॉक्सने कंपनीचा कारभार सरकारनियुक्त मंडळाकडे देणारं विधेयक आणलं. जेम्स सेयर्सने चित्र काढलं: फॉक्स मोगली थाटात 'कार्लो खान' बनून हत्तीवर बसून कंपनीच्या कचेरीवर चाललाय, हत्तीला तोंड त्याचा साथीदार लॉर्ड नॉर्थचं, आणि पुढे फॉक्सचा सहकारी खासदार एडमंड बर्क तुतारी फुंकतोय. विधेयक पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये पडलं, फॉक्सचं सरकार गेलं. पार्लमेंटमधल्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी माझं जास्त नुकसान केलं, असं फॉक्स म्हणाल्याचं सांगतात. सेयर्सला पुढे पिटच्या राजवटीत सरकारी पद मिळालं.

वॉरन हेस्टिंग्ज आपल्याला पहिल्या इंग्रज-मराठा युद्धामुळे आणि सालबाईच्या तहामुळे ठाऊक आहे. गिलरेने १७८६ मध्ये त्याला उंटावर बसलेला 'हिंदुस्थानचा त्राता' म्हणून दाखवला, त्याच्यावर बर्क, नॉर्थ आणि फॉक्स दरोडेखोरांसारखे तुटून पडताहेत. १७८८ मध्ये हेस्टिंग्जवर पार्लमेंटमध्ये महाभियोग सुरू झाला, तेव्हा त्याच गिलरेच्या चित्रात हेस्टिंग्ज लॉर्ड चॅन्सेलर थर्लोच्या खांद्यावर बसून रक्ताचा समुद्र ओलांडतोय, हातात पैशाच्या थैल्या, आणि त्या रक्तात हिंदी माणसांची प्रेतं तरंगताहेत. लंडनच्या बाजारात, कंपनीच्या भरभराटीच्या काळात, कुणीतरी ती प्रेतं काढली होती. मला हे चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा फार लागलं. अर्थात गिलरेला आपल्या माणसांचा कळवळा होता असं त्यावरून म्हणता येत नाही. त्याच्या चित्रांतले हिंदी लोक बहुतेक वेळा निनावीच असतात.

मराठी वाचकासाठी त्याचं डिसेंबर १७९१ चं चित्र सगळ्यात जवळचं. कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणहून माघार घेतोय आणि तटावरून टिपू पळणाऱ्या इंग्रज फौजेवर लघवी करतोय. प्रसंग त्याच वर्षीच्या मे महिन्यातला. पाऊस सुरू झालेला, बैल मेलेले, धान्य संपलेलं, म्हणून कॉर्नवॉलिसने आपल्या मोठ्या तोफा स्वतःच नष्ट केल्या आणि परत फिरला. त्यानंतर काही दिवसांतच हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज येऊन मिळाली. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्य भरपूर होतं, भाव चढे होते, पण त्याच धान्यावर उपाशी इंग्रज फौज तगली. हे चित्र ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर गिलरेच्या नावाने शोधता येतं. मोठं करून बघा, तटाच्या दगडांमधल्या रेषासुद्धा वेगवेगळ्या खोलीच्या आहेत, म्हणजे पत्रा ॲसिडमध्ये एकाहून अधिक वेळा सोडलेला आहे.