रात्री हायवेवर गाडी बंद पडली तर दारं लावून आत बसावं का?

तुम्ही लिहिलंय की सुरतेहून जळगावला रात्रीचं कुटुंबासह कारने यायचं आहे. वाटेत गाडी बंद पडली तर दारं लॉक करून आतच थांबावं का, गाडीत काय काय ठेवावं, आणि शेवटी, "त्या भागातली माणसं कशी आहेत?" या शेवटच्या प्रश्नामुळेच मी लिहायला बसले.

आत बसू नका. हायवेच्या कडेला बंद पडलेल्या गाडीत बसून राहण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. रात्रभर चालवून डोळा लागलेला ट्रकवाला तुमच्या डिक्कीत शिरतो, भीती त्याची धरा. शेतातून बॅटरी घेऊन येणाऱ्या माणसाची धरू नका. आमच्या घरात याच गोष्टीवरून अजून वाद चालू आहे, म्हणून सविस्तर सांगते.

मी एरंडोलची. जानेवारीत धुळ्याला नात्यातली हळद होती, ती आटोपून रात्री परत निघालो. गाडी मी चालवत होते, शेजारी नंदोई, मागे सासूबाई, नणंद आणि तिचं लहान लेकरू. मुकटी मागे पडली आणि समोर बॅटरीची लाल खूण पेटली. नंदोई म्हणाले, "लागतो तो दिवा, पारोळ्याला बघू." तेवढ्यात स्टिअरिंग जड झालं आणि पाण्याच्या टेंपरेचरचा काटा चढायला लागला. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की बहुतेक वेळा इंजिनाचा बेल्ट गेलेला असतो. बऱ्याच गाड्यांत त्या एकाच बेल्टवर अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि स्टिअरिंगचा पंप फिरतो. अशा वेळी गाडी पुढे रेटली तर इंजिन जातं. मी डावा इंडिकेटर दिला, होता तेवढ्या वेगावर गाडी डांबराच्या खाली उतरवली आणि चाकं डावीकडे वळवून हँडब्रेक ओढला. वेग असेपर्यंतच गाडी हवी तिथे नेता येते. वळणावर किंवा पुलावर थांबायची वेळ येऊ नये म्हणून लक्षण दिसल्याबरोबर जागा शोधायला लागा.

चारही इंडिकेटर चालू केले आणि सगळ्यांना डाव्या दारांनी खाली उतरवलं. नंदोई खवळले. "वहिनी, एवढ्या रात्री बायकालेकरांना बाहेर काढताय? काचा वर करा, दारं लावा, बसू आतच." मी म्हटलं, "पाव्हणे, तुम्हीही उतरा." उतरले, पण तोंड फुगवूनच. रस्त्याकडेची चारी ओलांडली की हरभऱ्याचं शेत होतं. त्याच्या बांधावर, गाडीपासून मागे धुळ्याच्या बाजूला, सगळ्यांना बसवलं. डिक्कीतली गोधडी सासूबाईंना आणि लेकराला दिली. मागच्या बाजूला बसवण्याचं कारण असं की धडक बसली तर उभी गाडी पुढे फेकली जाते. पुढे उभं राहणारा तिच्याखाली सापडतो.

मग लाल त्रिकोण घेऊन मी मागे चालत गेले, रस्त्याच्या कडेकडेने, त्रिकोण पुढे धरून, म्हणजे समोरून येणाऱ्याला मी दिसेन. लोक हा त्रिकोण डिक्कीला टेकवून ठेवतात, त्याचा काडीचा उपयोग नाही. ताशी ऐंशीच्या वेगाची गाडी सेकंदाला बावीस मीटर पुढे येते. चालवणाऱ्याला दिसून, कळून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद धरा, चाळीस-पंचेचाळीस मीटर तिथेच संपले. गाडी थांबायला लागतात ते मीटर वेगळे, आणि भरलेल्या ट्रकला त्याहून जास्त. म्हणून पन्नास मीटर हे कमीत कमी झालं, हायवेवर शंभर मीटर मागे ठेवा. वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा ठेवा.

त्यानंतर १०३३ ला फोन केला. राष्ट्रीय महामार्गावर हा नंबर चोवीस तास चालतो, गस्तीची गाडी आणि क्रेन तिथूनच निघते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो किलोमीटरच्या दगडाचा. पिवळ्या डोक्याचा दगड शोधा, त्यावरचा आकडा सांगा आणि गाडीचं तोंड कुठल्या गावाकडे आहे तेही सांगा, कारण मध्ये डिव्हायडर आहे. चुकीच्या बाजूने निघालेली क्रेन पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून येते.

फोन ठेवला तोच शेतातून एक बॅटरी हलत येताना दिसली. नंदोई हळूच म्हणाले, "घ्या, आला बघा." जवळ आला तो चिखलाने भरलेल्या पायांचा, डोक्याला मफलर बांधलेला माणूस. आमच्याकडे शेतीची वीज बऱ्याचदा रात्री मिळते, त्यामुळे थंडीत अर्धं खान्देश रात्री पाणी भरायला शेतात असतं. त्याने विचारलं, "काय जायं ताई? गाडी बंद पडनी का?" बॉनेट उघडून त्याने बॅटरी मारली. बेल्ट तुटून खाली लोंबत होता, कडेचे दोरे निघालेले. "पट्टा तुटी गया," म्हणाला. मग बांधावरच्या पऱ्हाट्या आणून शेकोटी पेटवली आणि आमच्याबरोबर बसून राहिला. तिकडे त्याची मोटर चालू, पाणी कुठल्या सरीत चाललंय ते बघायला उठायचा आणि परत यायचा.

आम्ही शेकत असतानाच कडकन आवाज झाला. एक ट्रक हळूहळू कडेला सरकत आला होता आणि त्याच्या डाव्या चाकाखाली आमचा त्रिकोण गेला. त्या आवाजाने ड्रायव्हर दचकला असणार, कारण ट्रक एकदम उजवीकडे गेला आणि आमच्या गाडीच्या आरशाजवळून निघाला. थांबलाही नाही. सासूबाईंनी लेकराला छातीशी ओढलं. त्या शेतकऱ्यानेच मागे जाऊन त्रिकोणाचे तुकडे रस्त्यावरून वेचले आणि क्रेन येईपर्यंत बॅटरी हलवत तिथे उभा राहिला. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. नणंदेने हळदीच्या घरून आणलेले लाडू दिले, तेवढे घेतले.

आता नंदोईंचं म्हणणं ऐका. आजही चार पाहुण्यांत ते सांगतात की वहिनींनी लेकराला कडाक्याच्या थंडीत उगाच बाहेर बसवलं, "गाडीला साधा ओरखडासुद्धा आला नव्हता." ओरखडा आला नाही, कारण चाक आधी त्रिकोणावरून गेलं. तो त्रिकोण मागे नसता तर त्याच्या जागी डिक्की होती, आणि मागच्या सीटवर त्यांचंच लेकरू. थंडीने सर्दी होते, ती चार दिवसांत जाते. आणि ज्या माणसाला बघून ते "आला बघा" म्हणाले होते, त्याचं नाव ते गोष्ट सांगताना घेतच नाहीत, याचा मला जास्त राग आहे. तुमच्या प्रश्नातही तीच शंका दिसली. माणसं कशी आहेत, ते मी वर सांगितलं.

चोऱ्या होतच नाहीत असं मी म्हणत नाही. बाई एकटी असेल तर गाडी लॉक करून बांधावर अंधारात बसा, जिथून तुम्हाला रस्ता दिसेल पण रस्त्यावरून तुम्ही दिसणार नाही. घरच्यांशी फोन चालू ठेवा, कुणाचं वागणं खटकलं तर लगेच ११२ लावा. अनोळखी गाडीत बसू नका. त्यांना निरोप तेवढा द्यायला सांगा, आणि जो खरंच मदतीला आलाय त्याला ते सांगितल्याचा राग येत नाही. कुणी जखमी असेल तर १०८.

आत थांबण्याची वेळ एकाच परिस्थितीत येते: पुलावर, किंवा घाटात एका बाजूला कडा आणि दुसरीकडे दरी, पाय ठेवायलाच जागा नसेल तर. तेव्हा पट्टे लावून बसा आणि क्रेनची वाट बघा. तुमच्या वाटेवर नवापूर सोडल्यावर कोंडाईबारीचा घाट लागतो, तो शक्यतो उजेडी पार होईल असं निघा.

सामानाचं म्हणाल तर त्रिकोण, हातातली चांगली बॅटरी, पाणी, पांघरूण आणि चार्ज केलेली पॉवर बँक पुरे. विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल तर किती किलोमीटरपर्यंत फुकट ओढून नेतात ते घरीच वाचून घ्या. चाकाला दगड लावलेत तर निघताना उचलून बाजूला टाका. ट्रकवाले बाभळीच्या फांद्या आणि दगड रस्त्यावर तसेच सोडून जातात आणि मागून येणारा मोटरसायकलवाला त्यावर जीव गमावतो. हे मला अजिबात सहन होत नाही.

मे महिन्यात येणार असाल तर हिशोब बदलतो. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा बांधावर उन्हात बसू नका, झाडाची सावली गाठा. पाण्याचे दोन कॅन गाडीत असू द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं, उघडताक्षणी तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास तरी जाऊ द्या.

आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गापुरताच. जळगावहून पुढे फिरायला तोरणमाळ, धडगावकडे जाणार असाल तर तिथे ११२ लावा. सातपुड्यात रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. रेंज शोधत रात्री चालत सुटू नका. दिवसा एसटी आली की हात करा आणि कंडक्टरला गावाचं नाव आणि गाडीचा नंबर कागदावर लिहून द्या, पुढच्या स्टँडवर निरोप पोचतो.