लिक्विडेशनची (कस्टम्सने हिशेब बंद करण्याची) तारीख स्वतः बघा, ब्रोकरवर सोडू नका

तुमची पोस्ट वाचली आणि 2020 चा मे महिना डोळ्यांसमोर आला. चीनहून अमेरिकेत आणलेल्या दोन कंटेनर मालावर अमेरिकी व्यापार कायद्याच्या कलम 301 चं 25 टक्के जादा आयात शुल्क भरलंत, त्याच मालाला सूट असल्याचं मागाहून कळलं आणि ब्रोकर, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणारा एजंट, म्हणतोय, "थांबा, बघतो." आमचं अगदी हेच झालं होतं. कृपया थांबू नका.

आमचा धंदा छोटा, न्यू जर्सीत. फर्निचरचे धातूचे पाय आणि ब्रॅकेट चीनमधल्या निंग्बोहून यायचे. हा माल जादा शुल्काच्या तिसऱ्या यादीत सापडला: 24 सप्टेंबर 2018 पासून 10 टक्के, पुढे मे 2019 मध्ये 25 झाले. हे पैसे चीन भरतो असं तेव्हा टीव्हीवर रोज ऐकायला मिळायचं. प्रत्यक्षात कस्टम्सला शुल्काची हमी देणारा बाँड आमच्या नावावर आणि पैसे आमच्या खात्यातून जात होते. कारखानदाराने भाव चार टक्क्यांनी उतरवला, बाकीचा भार आम्ही आणि आमच्या गिऱ्हाइकांनी उचलला.

फेब्रुवारी 2020 मध्ये आमच्या मालाला लागू पडणारी सूट निघाली. सूट मागणारा अर्ज भलत्याच कंपनीचा होता, पण सूट मालाला असते, अर्जदाराला नव्हे. मालाचा दहा अंकी कस्टम्स कोड आणि वर्णन जुळलं की कोणत्याही आयातदाराला ती घेता येते. शिवाय ती 24 सप्टेंबर 2018 पासून, म्हणजे मागच्या तारखेपासून लागू होती. मी त्याच दिवशी ब्रोकरच्या ऑफिसला ईमेल केला आणि काम झालं असं धरून चाललो. सगळ्यात महागात पडली ती ही चूक.

माल आल्यावर साधारण 314 दिवसांनी कस्टम्स त्या एंट्रीचा, म्हणजे त्या मालाच्या आयात नोंदीचा, हिशेब बंद करतं, त्याला लिक्विडेशन म्हणतात. तिथून 180 दिवसांत प्रोटेस्ट, म्हणजे लेखी हरकत, दाखल केला नाही तर पैसे गेले. आमच्या नोव्हेंबर 2018 च्या चार कंटेनरांचा हिशेब सप्टेंबर 2019 च्या अखेरीस बंद झाला होता, म्हणजे मुदत मार्चअखेरपर्यंत. हातात महिनाभर होता! तीन ईमेल पाठवले, त्यांवर एकच उत्तर आलं: "सूट जाहीर झाली आहे, रिफंड आपोआप येईल." आपोआप काहीही येत नाही. मागावं लागतं, एंट्रीचा नंबर देऊन. मे महिन्यात त्यांच्याकडे आलेल्या नव्या माणसाने फाइल उघडली, तेव्हा कुठे प्रोटेस्ट गेला. वरातीमागून घोडं. मुदत संपली म्हणून नामंजूर. अकरा हजार डॉलर गेले, आणि त्या वर्षी ते आम्हाला फार हवे होते. जून 2019 च्या एंट्र्यांची मुदत शिल्लक होती, त्यांचे पैसे मात्र व्याजासकट परत मिळाले. कायदा तोच, माल तोच, फरक फक्त तारखेचा.

माझं मत, पटलं तर घ्या: ब्रोकरला पैसे मिळतात ते माल सोडवण्याचे. जुन्या एंट्र्या उकरण्यात त्याला रस नसतो. चांगले ब्रोकरही आहेत, आमचा आताचा तसाच आहे. पण तारखांची वही माझ्याकडेच असते. कस्टम्सच्या एस (ACE) या ऑनलाइन पोर्टलवर आयातदाराला स्वतःचं खातं फुकट मिळतं. आजच उघडा, सगळ्या एंट्र्या तिथे दिसतील. ज्यांचं लिक्विडेशन व्हायचंय त्यांना प्रोटेस्ट लागत नाही, दुरुस्ती भरता येते; पण ती एंट्रीपासून 300 दिवसांच्या आत आणि ठरलेल्या लिक्विडेशनच्या किमान 15 दिवस आधी.

तुमचा पुरवठादार बिल कमी किमतीचं करून देतो म्हणतोय, त्याला स्पष्ट नाही म्हणा. खोट्या बिलाचा दंड तुमच्यावर येईल, पुरवठादार तिकडे चीनमध्ये सुरक्षित बसलेला असेल. व्हिएतनाममार्गे पाठवण्याचंही तेच. खोकं बदलल्याने मालाचा देश बदलत नाही.

मी वकील नाही, आणि हे नियम 2018 पासून इतके बदललेत की तुमच्या कोडची आजची स्थिती तपासूनच पाऊल उचला. रक्कम मोठी असेल तर कस्टम्सच्या वकिलाची एका तासाची फी जरूर द्या. मी ती वाचवायला गेलो होतो.

तुमच्या दोन्ही कंटेनरांच्या लिक्विडेशनच्या तारखा इथे टाका. किती दिवस उरलेत ते आधी मोजू.