'कंटिन्यूइटी'ला सातत्य म्हणू नका

प्रश्न असा आलाय की स्टार ट्रेक, डॉक्टर हू असल्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या सायफाय मालिकांबद्दल मराठीत लिहायचं तर कंटिन्यूइटी (आधीच्या आणि नंतरच्या भागांतल्या गोष्टी एकमेकींशी जुळणं), कॅनन (त्या कथाविश्वात खरं धरलं जातं ते) आणि रेटकॉन (मागच्या कथेत मागाहून केलेला बदल) या तीन शब्दांचं काय करायचं, आणि कंटिन्यूइटीला सगळे 'सातत्य' म्हणतात ते बरोबर आहे का.

नाही, बरोबर नाही. मीही हेच करून तोंडावर पडलोय. एका मालिकेबद्दल लिहिताना मोठ्या झोकात लिहिलं की 'या मालिकेत सातत्याचा अभाव आहे', तर वाचणाऱ्या एकाने सरळ विचारलं, म्हणजे एपिसोड वेळेवर येत नाहीत का? त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मराठीत सातत्य म्हणजे खंड न पडणं, व्यायामात सातत्य, रियाजात सातत्य. आता डॉक्टर हू बघा, २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, १९८९ ला बंद पडली, मध्ये १९९६ ला एक टीव्ही फिल्म आली आणि मालिका म्हणून परत उगवली ती थेट २००५ ला. सातत्याचा पार बोऱ्या वाजला. पण कंटिन्यूइटी शाबूत, कारण २००५ मधला डॉक्टर, म्हणजे काळात हिंडणारा परग्रहावरचा नायक, हा १९६३ मधलाच डॉक्टर, काळात फिरायची त्याची तीच निळी पेटी, तेच जुने शत्रू. आणि याच्या उलटही होतं, मालिका दर आठवड्याला नेमाने येतेय, एकही आठवडा चुकत नाही, आणि गेल्या सीझनला मेलेला माणूस या सीझनला काही न घडल्यासारखा खुर्चीत बसलाय. म्हणजे सातत्य आहे, कंटिन्यूइटी नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत या.

मग म्हणायचं काय? बोलताना आपण आपोआप बरोबर बोलतो, गंमत तीच आहे. 'मागच्याशी मेळ बसत नाही राव', 'कशाचा कशाला ताळमेळ नाही'. बस, हाच शब्द. मेळ किंवा ताळमेळ. जरा भारदस्त हवं असेल तर 'पूर्वापर संगती', आणि मेळ नसला की 'पूर्वापरविरोध', हे शब्द शास्त्रचर्चेत केव्हापासून आहेत, आधी केलेलं विधान आणि नंतरचं विधान एकमेकांना कापतंय असा आक्षेप घ्यायचा असला की वापरायचे. फक्त लिहिताना काना सांभाळा, 'पूर्वापर' म्हणजे आधीचं-नंतरचं आणि 'पूर्वापार' म्हणजे फार पूर्वीपासून चालत आलेलं. हे दोन शब्द लोक इतके सर्रास एकात एक घालतात की आता दुरुस्त करायचाही कंटाळा येतो.

पूर्वापरविरोधाचा नमुना म्हणून डॉक्टर हू मधल्या युनिट या लष्करी संस्थेचं प्रकरण बघा. त्या कथा नक्की कोणत्या सालात घडतात? १९७५ च्या एका कथेत डॉक्टरसोबत फिरणारी सारा जेन सांगते की ती १९८० मधून आलीय, म्हणजे युनिटचा काळ ऐंशीच्या आसपास धरायला हवा. मग १९८३ ला दुसरी कथा आली आणि त्यात युनिटचे ब्रिगेडियर साहेब १९७७ मध्ये आधीच रिटायर होऊन एका शाळेत गणित शिकवतायत. आता साहेब ७७ च्या आधीच रिटायर झाले तर ८० मध्ये साराबरोबर काम कोण करत होतं? यावर फॅन लोकांनी इतकी पानं खर्ची घातलीत की शेवटी २००८ च्या एका एपिसोडमध्ये खुद्द डॉक्टरच म्हणून जातो की मी युनिटमध्ये होतो ते सत्तरच्या दशकात, की ऐंशीच्या? लेखकांनी हात वर केले, पण झकास केले.

ट्रिविया शब्दाबद्दलही एकीने जाता जाता विचारलंय, 'फुटकळ माहिती' म्हणू का. वर जे ७७ आणि ८० वरून चाललंय ते फॅन माणसाला फुटकळ म्हणून दाखवा, मग बघा काय होतं. त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली तीन रस्ते मिळतात ती जागा आहे, म्हणजे आपला तिठा. आपल्याकडे चारचौघांत झालेली गोष्ट चव्हाट्यावर येते, तो चार वाटांचा. एक वाट जास्तच. पण म्हणून ट्रिवियाला चव्हाटा म्हणू नका, ट्रिवियाच राहू दे, रुळलाय.

आता कॅनन. इथे बरेच जण 'अधिकृत' लिहितात आणि तिथेच घोटाळा होतो. स्टार ट्रेकच्या शेकडो कादंबऱ्या रीतसर परवानगी घेऊन छापल्यात, अधिकृतच आहेत की, पण त्या कॅनन नाहीत, कारण तिथला जुना नियम असा की पडद्यावर दिसलं ते खरं. म्हणून माझं मत 'प्रमाण' ला. कादंबरी अधिकृत आहे पण प्रमाण नाही, असं स्वच्छ लिहिता येतं. शिवाय कॅननचं मूळ ग्रीकमध्ये मोजपट्टी, आणि आपल्या प्रमाणातला 'मा' धातूही मोजण्याचाच, दोन्ही भाषा वेगवेगळ्या वाटेने एकाच फूटपट्टीपाशी आल्या, हे कळलं तेव्हा मला उगाचच फार आनंद झाला होता. प्रमाण नसलेल्याला 'प्रक्षिप्त' म्हणायचा मोह होतो, जुन्या पोथीत मागाहून कुणीतरी घुसडलेल्या ओव्यांना म्हणतात तसं. पण प्रक्षिप्त जपून वापरा, त्यात घुसडल्याचा आरोप आहे. १९९६ च्या त्या टीव्ही फिल्ममध्ये डॉक्टर अर्धा माणूस असल्याचं सांगितलंय, ते बऱ्याच फॅन लोकांना मान्यच नाही, तिथे प्रक्षिप्त अगदी फिट्ट बसतो.

आणि प्रमाण काय ते नेहमी सरळ ठरतं असंही नाही. स्टार ट्रेक १९६६ ला सुरू झाली, तिच्या सुरुवातीच्याच एका एपिसोडमध्ये नायक कॅप्टन कर्कचा जुना मित्र गॅरी मिचेल याच्या अंगात दैवी शक्ती येते आणि तो कर्कसाठी जिवंतपणीच थडगं तयार करतो. दगडावर नाव कोरलेलं स्पष्ट दिसतं, जेम्स आर. कर्क. पुढे सगळीकडे तो जेम्स टी. कर्क. आर गेला कुठे? फॅन लोकांपैकी काहींचं म्हणणं की चूक मिचेलचीच, म्हणजे देवाची ताकद आली तरी दोस्ताचं नाव धड आठवेना. बरं, टी म्हणजे टायबेरियस हे पहिल्यांदा कळलं कुठे तर १९७४ च्या कार्टून मालिकेत, जी प्रमाण धरायची की नाही यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली! शेवटी १९९१ च्या सहाव्या सिनेमात ते नाव उच्चारलं गेलं आणि टायबेरियस पक्का झाला. म्हणजे प्रमाण ग्रंथात आर आणि वादग्रस्त ग्रंथात टायबेरियस, आणि टिकला टायबेरियस.

आता रेटकॉन, म्हणजे मागच्या कथेला आज नवीन अर्थ किंवा नवीन तपशील चिकटवणं. हा शब्द सायफाय टीव्हीचा नाही, अमेरिकन कॉमिक्सवाल्यांचा, १९८३ च्या सुमाराला तिथल्या पत्रव्यवहारात 'रेट्रोअॅक्टिव्ह कंटिन्यूइटी' असं लांबलचक रूप दिसतं, पुढे लोकांनी त्याची शेपटी छाटली. मराठीत याला अस्सल शब्द तयार आहे, सारवासारव. बोलून चुकलं की मागाहून वरून हात फिरवायचा.

स्टार ट्रेकमधल्या क्लिंगॉन या परग्रहवासी लोकांची सारवासारव तर बघण्यासारखी. साठच्या दशकात हे सपाट कपाळाचे, कारण मेकअपला पैसे नव्हते. १९७९ च्या सिनेमात बजेट आलं आणि कपाळावर हाडांचे उंचवटे उगवले. सतरा वर्षं कुणी पडद्यावर याबद्दल ब्र काढला नाही. मग १९९६ ला, मालिकेच्या तिसाव्या वर्षी, डीप स्पेस नाईन या नंतरच्या स्टार ट्रेक मालिकेतली मंडळी काळात मागे जाऊन १९६७ च्या जुन्या एपिसोडमध्येच घुसतात, समोर सपाट कपाळाचे क्लिंगॉन बसलेत, सोबतचे वॉर्फकडे, म्हणजे आपल्या उंचवट्यावाल्या क्लिंगॉनकडे बघतात. एक विचारतो, जनुकांशी काही खेळ केला का? दुसरा, व्हायरस होता का? आणि वॉर्फ एवढंच म्हणतो की बाहेरच्यांशी आम्ही हे बोलत नाही. इथे थांबायला हवं होतं खरं तर. पण २००५ ला एंटरप्राईज या आणखी एका स्टार ट्रेक मालिकेने दोन भाग खर्चून खुलासा केलाच, जनुकांचा खेळही होता आणि त्यातून पसरलेला व्हायरसही, दोघांचेही अंदाज बरोबर! मला वॉर्फचं गप्प बसणं जास्त आवडतं.

पण सगळाच रेटकॉन सारवासारव नसतो, म्हणून तो शब्द डोळे मिटून ठोकू नका. सारवायला आधी काहीतरी उखणलेलं लागतं. १९६६ ला पहिला डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना म्हणून डॉक्टरचं शरीरच बदललं आणि पॅट्रिक ट्राउटन आला, तेव्हा या प्रकाराला 'रीजनरेशन' हे नाव नव्हतं, ते मिळालं १९७४ ला, आणि मग मागच्या बदलांनाही तेच लागू झालं. यात चूक कुठे झाली होती? कुठेच नाही. अशा ठिकाणी मी 'मागाहून सांधलं' असं लिहितो, नामाच्या मागे न लागता क्रियापद वापरलं की मराठी मोकळी होते. मात्र १९७६ ला सांगून बसले की बाराच वेळा शरीर बदलता येतं, आणि २०१३ ला आकडा संपल्यावर डॉक्टरला बदलांचा नवा कोटा मिळवून दिला, ती सारवासारवच.