फ्रान्समधली भिंत वीट-वीट करून कशी पडली : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात फ्रान्सच्या राजकारणावर एक छोटी नोंद छापली होती, की कट्टर उजव्यांचा रासाँब्लमाँ नास्योनाल हा पक्ष आता तिथल्या संसदेत एकटा पक्ष म्हणून सगळ्यात मोठा झालाय. त्यावर बरीच पत्रं आली. मी चार वर्ष फ्रान्सच्या उत्तरेतल्या लील शहरात राहिलेली असल्यामुळे संपादकांनी ती माझ्याकडे सोपवली. जमतील तेवढी उत्तरं इथे देतेय.

स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द आम्ही तीस वर्ष पोरांना फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात शिकवले. त्या देशात हे लोक एकदम कुठून उगवले?
— निवृत्त शिक्षक, सातारा

सर, एकदम नाही उगवले, पन्नास वर्ष लागलीत त्यांना. पक्ष निघाला 1972 साली, तेव्हाचं नाव फ्राँ नास्योनाल, अध्यक्ष जाँ-मारी ल पेन. सुरुवातीच्या मंडळीत दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या वाफेन एसएस या दलात लढलेले फ्रेंच लोक होते, आणि अल्जेरिया ही वसाहत हातातून गेल्याचा राग मनात धरून बसलेलेही होते. 1974 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ल पेनला एक टक्कासुद्धा मतं पडली नाहीत. लोक त्याला मोजतच नव्हते.

मला विचाराल तर खरी गोष्ट सुरू होते 1983 ला, द्रू नावाच्या गावात. पॅरिसच्या पश्चिमेला आहे, कारखान्यांचं गाव, परदेशातून आलेले कामगार बरेच. तिथे नगरपालिकेच्या निवडणुकीत या पक्षाला पहिल्या फेरीत जवळपास 17 टक्के मतं मिळाली आणि दुसऱ्या फेरीत नेहमीच्या, सभ्य म्हणवणाऱ्या उजव्या पक्षांनी त्यांच्याबरोबर एकच यादी केली आणि नगरपालिका जिंकली. एका गावापुरतं होतं, पण ज्यांच्याबरोबर कोणी बसत नव्हतं त्यांना पंगतीत पाट मिळाला. पुढच्याच वर्षी युरोपियन निवडणुकीत 11 टक्के.

मग 1987 ला ल पेन रेडिओवर बोलला की गॅस चेंबर हा दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासातला एक बारीकसा तपशील आहे. लाखो माणसं मारली गेली त्याला हा तपशील म्हणतो. पुढे कोर्टाने दंड केला, पण 1988 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याला 14 टक्के मतं पडली. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दोन दिवस काही सुचलं नव्हतं, आणि आजही पक्षाने नाव बदललं, चेहरा बदलला असं कोणी सांगायला लागलं की मला आधी तेच आठवतं.

2002 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तुम्हाला आठवत असेल, 21 एप्रिल, समाजवादी पंतप्रधान जॉस्पाँ पहिल्या फेरीतच बाहेर आणि ल पेन दुसऱ्या फेरीत. तेव्हा देश हादरला होता, 1 मेला दहा लाखांवर लोक रस्त्यावर आले, डाव्यांनी नाक मुठीत धरून उजव्या राष्ट्राध्यक्ष शिराकला मत दिलं, पोस्टरवर लिहिलेलं असायचं की लबाडाला मत द्या पण फॅसिस्टाला नको. शिराकला 82 टक्के मिळाले. ती जी सगळ्यांनी मिळून उभी केलेली भिंत होती ना, तिला तिकडे रिपब्लिकन आघाडी म्हणतात. 2017 ला मुलगी मरीन दुसऱ्या फेरीत आली तेव्हा तिला 34 टक्के, 2022 ला 41 टक्क्यांच्या वर, म्हणजे एक कोटी तीस लाखांहून जास्त मतं. आणि 2002 सारखी गर्दी रस्त्यावर नव्हती. लोकांना सवय झाली होती.

टीव्हीवर म्हणाले की 2024 ला यांना सगळ्यात जास्त मतं पडली, मग निकाल लागला तर हे तिसरे. हे गणित कसं?
— बी.ए. राज्यशास्त्र, तिसरं वर्ष, लातूर

प्रश्न चांगलाय, परीक्षेतही कामाला येईल. आपल्याकडे ज्याला जास्त मतं तो निवडून येतो, एकाच फेरीत काम संपतं. तिकडे 577 मतदारसंघ आणि दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं (आणि नोंदलेल्या मतदारांच्या किमान चौथा हिस्सा) मिळाली तर थेट निवड, नाहीतर आठवड्याने दुसरी फेरी, आणि तिच्यात पहिले दोन तर जातातच पण नोंदलेल्या मतदारांपैकी 12.5 टक्के मतं ज्याने घेतली तोही उभा राहू शकतो. 30 जून 2024 ला मतदान खूप झालं त्यामुळे तीनशेच्या आसपास ठिकाणी तिरंगी लढत होणार होती. ल पेनबाईच्या पक्षाला आणि त्यांच्या मित्रांना 33 टक्के, म्हणजे तिरंगीत त्यांचाच फायदा. मग डाव्यांच्या आणि राष्ट्राध्यक्ष माक्राँच्या दोनशेहून जास्त उमेदवारांनी आपणहून नावं मागे घेतली, जो तिसरा तो बसला. 7 जुलैला डावी आघाडी पहिली, साधारण 180 जागा, माक्राँचे लोक 160 च्या आसपास, आणि हे मित्रांसकट 143. आघाड्या मोजल्या तर हे तिसरे, एकेक पक्ष वेगळा मोजला तर सगळ्यात मोठे. आठवडाभर सगळे 289 च्या बहुमताचीच चर्चा करत होते.

पद्धतीने किती फरक पडतो ते बघायचं असेल तर 1986 आणि 1988 शेजारी ठेव. 1986 च्या निवडणुकीला राष्ट्राध्यक्ष मितराँने प्रमाणशीर पद्धत आणली, म्हणजे जेवढी मतं त्या प्रमाणात जागा, फ्राँ नास्योनालला दहा टक्क्यांच्या आतबाहेर मतं आणि खासदार 35. दोन वर्षांनी जुनी दोन फेऱ्यांची पद्धत परत आली, मतं तेवढीच आणि खासदार एक.

आणि मतदान कसं होतं तेही सांगते कारण ते मला फार आवडायचं. मशीन बहुतेक ठिकाणी नाही. शाळेच्या वर्गात टेबलावर प्रत्येक उमेदवाराच्या नावाच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे मांडलेले, एक छोटं पाकीट, तुम्ही चार-पाच चिठ्ठ्या उचलायच्या म्हणजे बाकीच्यांना कळत नाही कोणाची ठेवणार, पडद्याआड जाऊन एक पाकिटात घालायची, उरलेल्या चुरगाळून टाकायच्या. बाहेर येऊन पारदर्शक पेटीत पाकीट सोडलं की माणूस मोठ्याने म्हणतो, "आ व्होते!", म्हणजे यांनी मत दिलं. संध्याकाळी मोजणीला गावातलेच मतदार बसतात, टेबलाला चौघं. एक पाकीट उघडतो, दुसरा नाव मोठ्याने वाचतो, दोघं कागदावर रेघा मारतात. माझी एक मैत्रीण त्या 7 जुलैला मोजणीला बसली होती, लीलच्या दक्षिणेला एका खेड्यात. ती सांगत होती की नाव वाचणारा तिच्याच शाळेतला तिचा जुना मास्तर होता, दर दोन पाकिटांमागे एक ल पेनबाईच्या पक्षाचं नाव, आणि ती त्या गावात प्रत्येकाला ओळखते, ब्रेडवाला, पोस्टमन, सगळ्यांना. ती म्हणाली की निकालाचं दुःख एवढं नव्हतं, दुसऱ्या दिवशी ब्रेड आणायला जाणं जास्त अवघड गेलं.

कामगार नेहमी डाव्यांबरोबर असतात. मग फ्रान्सचा कामगार यांच्याकडे का गेला? सगळे वंशद्वेष्टे झाले का?
— डोंबिवली

यावर मी पानं भरून लिहू शकते, तरी आवरते. एनाँ-बोमाँ नावाचं गाव आहे, लीलपासून तीसेक किलोमीटर. कोळशाच्या खाणींचा पट्टा. घरं लाल विटांची, एकाला एक चिकटून, खाण कंपनीने बांधलेली, आणि पाठीमागे खाणीतून निघालेल्या दगडमातीच्या काळ्या टेकड्या, लांबून डोंगरच वाटतात. इथल्या कामगारांत पोलंड, इटली, पुढे मोरोक्को, अल्जेरियातून आलेले लोक मिसळलेले. युनियन, पक्षाची शाखा, फुटबॉल क्लब, कबुतरांच्या शर्यती, सगळं खाणीभोवती. 1990 ला या पट्ट्यातली शेवटची खाण बंद झाली. मग शेजारच्या गावात मेतालयुरोप हा शिसं-जस्ताचा कारखाना होता तो 2003 ला बंद केला, मूळ कंपनीने एका झटक्यात हात काढून घेतले, 830 लोक घरी आणि जमीन शिशाने नासलेली.

लोक डाव्यांनाच मत देत राहिले तरी. पण 2009 ला तिथल्या डाव्या महापौराला नगरपालिकेच्या पैशाच्या घोटाळ्यात अटक झाली, पुढे शिक्षापण झाली. घरपट्टी वाढवलेली, पालिका कर्जात, आणि महापौर तुरुंगात. मरीन ल पेनने हे गाव हेरून ठेवलं होतं, तिथे मुक्काम टाकला. 2012 ला ती खासदारकीला 118 मतांनी हरली, 2014 ला तिच्या पक्षाचा स्टीव ब्रिव्हा महापौर झाला, तो तिथलाच, कामगाराच्या घरातला. 2017 पासून ती तिथली खासदार आहे, 2024 ला पहिल्याच फेरीत जिंकली.

शुक्रवारी तिथे बाजार भरतो. एका बाईंशी मी बोलले होते, भाजीच्या रांगेत, सत्तरीच्या, नवरा खाणीत होता, फुफ्फुसाच्या आजाराने गेला. त्या म्हणाल्या, हे लोक निदान बाजारात येतात, हात मिळवतात, आमच्या म्हाताऱ्यांना नावानिशी विचारतात. मी विचारलं, आणि परदेशी लोकांबद्दल जे बोलतात ते? त्या जरा गप्प झाल्या आणि म्हणाल्या, तू नाही गं, तू शिकायला आलीस. ते वाक्य अजून टोचतं मला. बाई प्रेमळ होत्या, माझ्या पिशवीत दोन सफरचंदं जास्तीची टाकली त्यांनी. पण "तू नाही" म्हणजे कोणीतरी आहे ना, आणि तो बहुतेक त्यांच्याच गल्लीत दोन पिढ्या राहिलेला मोरोक्कन खाणकामगाराचा नातू.

तर सगळे वंशद्वेष्टे झाले हे उत्तर खोटं आहे. 2022 ला कॅरिबियनमधल्या फ्रान्सच्या ग्वादलूप बेटावर, जिथले बहुतेक लोक गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज, तिथे दुसऱ्या फेरीत मरीनला सुमारे 70 टक्के मतं पडली, आणि त्याच बेटाने पहिल्या फेरीत डाव्या मेलाँशाँला निम्म्याहून जास्त दिली होती. तो माक्राँवरचा राग होता. पण मत रागाचं असलं तरी त्यातून सत्ता कोणाला मिळते आणि ती कोणावर वापरली जाणार हे बदलत नाही. पक्षाच्या कार्यक्रमात आजही राष्ट्रीय प्राधान्य आहे, म्हणजे नोकरी, सरकारी घर, मदत यात फ्रेंच नागरिक आधी, आणि परदेशी आईबापांच्या, फ्रान्समध्ये जन्मलेल्या मुलांना मिळणारा नागरिकत्वाचा हक्क रद्द करायचा. नाव बदललं 2018 ला, बापाला पक्षातून काढलं 2015 ला, हे कलम गेलं नाही.

मरीन ल पेनला कोर्टाने निवडणूक लढवायला बंदी घातली, हे विरोधकांचं कारस्थान वाटतं. तुमचं मत?
— जळगाव

मला नाही वाटत. 31 मार्च 2025 चा निकाल आहे, आरोप असा की युरोपियन संसदेने खासदारांच्या सहाय्यकांसाठी दिलेले पैसे पक्षाच्या स्वतःच्या कामगारांच्या पगाराला वापरले, वर्षानुवर्ष, रक्कम लाखो युरो. चार वर्ष शिक्षा, त्यातली दोन स्थगित, दंड, आणि पाच वर्ष निवडणुकीला बंदी तीही लगेच लागू. तिच्याबरोबर आणखी वीसहून जास्त लोक दोषी ठरले. तिने अपील केलं. बंदी लगेच लागू करावी का यावर फ्रान्समधले कायद्याचे जाणकारही वाद घालतात, तो वाद खरा आहे. पण 2013 ला हीच बाई टीव्हीवर मागणी करत होती की असल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना जन्मभर बंदी घाला. आणि निकाल देणाऱ्या न्यायाधीश बाईंना इतक्या धमक्या आल्या की पोलीस संरक्षण द्यावं लागलं, याची मला जास्त काळजी वाटते. तिच्या जागी तिच्याच पक्षाचा झोर्दाँ बार्देला तयारच आहे, 1995 चा जन्म, पॅरिसच्या उपनगरात वाढलेला, आईकडून इटालियन, टिकटॉकवर लाखो फॉलोअर. तेव्हा ती नसली म्हणजे प्रश्न मिटला असं समजू नका.

माझी मुलगी सप्टेंबरमध्ये मास्टर्सला लीलला चाललीय. हे सगळं वाचून झोप लागत नाही. पाठवू का नको?
— एक आई, पुणे

ताई, पाठवा. लील शहर विद्यार्थ्यांचं आहे, डावीकडे झुकणारं, 2022 च्या पहिल्या फेरीत तिथे मेलाँशाँ पुढे होता. मी चार वर्षांत रात्री उशिरा मेट्रोने फिरले, दोन-तीनदा वाकडे शब्द ऐकले, त्याहून वाईट काही झालं नाही. प्रत्येकीचा अनुभव तसाच असेल असं मात्र नाही म्हणत. हिजाब घालणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीला माझ्यापेक्षा खूप जास्त ऐकावं लागायचं.

काळजी कागदपत्रांची करा. डिसेंबर 2023 ला माक्राँच्या सरकारने इमिग्रेशनचा कायदा पास केला, मरीन ल पेनच्या पक्षाने त्याच्या बाजूने मत दिलं आणि तिने त्याला वैचारिक विजय म्हटलं. त्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून डिपॉझिट भरून घ्यायचं कलम होतं. जानेवारी 2024 ला घटना परिषदेने (कायदा घटनेत बसतो का ते ही परिषद बघते) कायद्याची 35 कलमं पूर्ण किंवा काही भाग काढून टाकली, त्यात हे डिपॉझिटपण गेलं. म्हणजे सत्ता न मिळताच त्यांचं म्हणणं कायद्यापर्यंत पोचलं होतं, ते तेवढ्यापुरतं थांबलं, पुन्हा येऊ शकतं. गंमत बघा, त्याच महिन्यात माक्राँ दिल्लीला प्रजासत्ताक दिनाला आले आणि 2030 पर्यंत 30,000 भारतीय विद्यार्थी फ्रान्सला यावेत असं सांगून गेले. एकाच सरकारची ही दोन बोलणी आहेत.

तर मुलीला सांगा, व्हिसा ऑनलाइन व्हॅलिडेट करणं पोचल्यापासून तीन महिन्यांत झालं पाहिजे, रेसिडन्स परमिट संपायच्या दोन-चार महिने आधी रिन्यूचा अर्ज टाकायचा, पार्ट-टाइम काम करायचं तर वर्षाला 964 तासांची मर्यादा आहे ती ओलांडायची नाही, प्रत्येक कागदाची कॉपी ठेवायची. आणि फ्रेंच शिकून जा म्हणावं, कोर्स इंग्रजीत असला तरी. बाजाराच्या रांगेत उभं राहिल्यावर आजूबाजूचे काय बोलतायत ते कळायला पाहिजे.