जिवंत गप्पींशिवाय काहीच न खाणाऱ्या मरळीच्या पिल्लाला गोळीखाद्य कसे लावावे?

आपण लिहिले आहे की आपल्याकडे रेनबो स्नेकहेडचे, म्हणजे आसामातील चन्ना ब्लेहेरी या लहान मरळीचे, सुमारे 7 सेंटीमीटरचे पिल्लू आहे, आणल्यापासून ते जिवंत गप्पी सोडून कशालाही तोंड लावत नाही आणि टाकलेल्या गोळ्या तळाशी कुजून जातात. मी याच जातीची तीन पिल्ले वाढवली आहेत आणि तिघांनीही सुरुवातीला मला असेच काळजीत टाकले होते.

पिल्लू हट्टी आहे असे कृपया समजू नका. मरळीचे डोळे हलणाऱ्या भक्ष्यावर जातात. निश्चल पडलेली गोळी हे अन्न आहे, हे त्याला अजून ठाऊकच नाही. त्यामुळे चव, आकार आणि हालचाल या तिन्ही गोष्टी एकदम न बदलता एका वेळी एकच बदलावी. त्याआधी मात्र पाण्यातील अमोनिया शून्य आहे ना, हे तपासून घ्या आणि तरंगत्या वनस्पती सोडून उजेड मंद करा, कारण बिचकलेला मासा उत्तम खाद्यही नाकारतो.

पहिली पायरी गांडुळाची. खत किंवा औषध न फवारलेल्या मातीतील गांडूळ धुऊन, पिल्लाच्या तोंडात सहज मावतील एवढे तुकडे करून द्यावे; ते तुकडेही काही काळ वळवळतात, म्हणून पिल्लू ते सहसा लगेच घेते. गांडूळखताच्या खड्ड्यातील तांबडी गांडुळे टाळा, कारण त्यांच्या अंगातून कडवट स्राव निघतो आणि एकदा तोंडातून थुंकलेला तुकडा पिल्लू पुन्हा घेईलच असे नाही. डासांच्या अळ्याही त्याला फार आवडतात, पण डेंग्यूचा धोका पाहता त्या घरी पैदा करू नयेत.

गांडुळावर ते स्थिरावले की सोललेल्या कच्च्या कोळंबीचा बारीक तुकडा लांब चिमट्यात धरून, रोज ठरावीक वेळी, टाकीच्या एकाच कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ हलकेच हलवावा. येथे हालचाल तीच राहते, फक्त पदार्थ बदलतो. माझ्या एका पिल्लाने सहाव्या दिवशी चिमट्यावर झडप घातली, दुसऱ्याने जवळजवळ तीन आठवडे घेतले आणि तिसरे मात्र पहिल्याचे पाहून दोन दिवसांत शिकले. तुकडा विनासंकोच घेतला जाऊ लागला की कोळंबीच्याच रसात भिजवून मऊ केलेली, मांसाहारी माशांसाठीची खाद्यगोळी कोळंबीच्या तुकड्यात दडवावी आणि रोज कोळंबी थोडी कमी करत जावी. मरळीच्या बोटुकल्यांना, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना, कृत्रिम खाद्याची सवय लावतानाही नेहमीच्या खाद्यात कृत्रिम खाद्य असेच हळूहळू मिसळतात. न खाल्लेला तुकडा पंधरा-वीस मिनिटांत बाहेर काढलाच पाहिजे.

उपासाविषयी सांगायचे तर आपले पिल्लू सुदृढ असल्यास तीन-चार दिवस उपाशी राहिल्याने त्याचे नुकसान होत नाही, उलट भूक आपल्या मदतीला येते. पण पोट आत गेले किंवा डोक्यामागचे मांस उतरलेले दिसले, तर त्याच दिवशी गांडुळांवर परत या. तीन सेंटीमीटरहून लहान पिल्लांवर हा प्रयोग मुळीच करू नये.

गप्पी बंद करण्याची घाई नाही, घरी वाढवलेले निरोगी गप्पी अधूनमधून चालतील. दुकानातील स्वस्त गोल्डफिश मात्र नित्याचे खाद्य म्हणून देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ते बहुधा गर्दीच्या टाकीतून परजीवी घेऊन येतात, शिवाय त्यांच्या अंगात थायमिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते, जे ब-1 जीवनसत्त्व नष्ट करते आणि महिनोन्‌महिने तेच खाणारा मासा त्या अभावाने खंगत जातो. हे विकर गोठवल्यानेही नाहीसे होत नाही, म्हणून गोठवलेले गोल्डफिश हाही पर्याय नव्हे.