सिम्युलेशनमध्ये अ‍ॅम्प्लिफायर नीट चालतो, मग ब्रेडबोर्डवर आवाज का फाटतो?

तुम्ही लिहिलंय की बीसी547बी ट्रान्झिस्टर, 12 व्होल्टचा सप्लाय, कलेक्टरला (मुख्य करंट आत येतो त्या पायाला) 4.7के, म्हणजे किलो-ओहम, आणि बेसला (तो करंट ताब्यात ठेवणाऱ्या पायाला) सप्लायवरून एकच 1 मेगओहमचा रेझिस्टर. एलटीस्पाइस या सिम्युलेटरमध्ये कलेक्टरला 6.7 व्होल्ट मिळतात, ब्रेडबोर्डवर जेमतेम 0.1. जोडणी पुन्हा पुन्हा तपासू नका, ट्रान्झिस्टरही बदलू नका. गोम त्या 6.7 मध्येच आहे.

एलटीस्पाइसमध्ये नुसतं एनपीएन ट्रान्झिस्टरचं चिन्ह ठेवलं आणि मॉडेल निवडलं नाही, तर बीटा, म्हणजे कलेक्टरचा करंट बेसच्या करंटच्या किती पट, तो 100 धरला जातो. बेसमध्ये 11.3 मायक्रोअँपिअर, गुणिले 100, म्हणजे 1.13 मिलिअँपिअर. 4.7केवर 5.3 व्होल्ट पडतात, उरतात 6.7. तुमचाच आकडा! बीसी547बीचा बीटा मात्र 200 ते 450 मध्ये कुठेही असतो. 300 धरला तर 3.4 मिलिअँपिअर वाहायला हवेत, पण 12 व्होल्टवर 4.7के 2.5 च्या वर जाऊच देत नाही. ट्रान्झिस्टर सॅच्युरेट होतो, म्हणजे पूर्ण उघडून बसतो; सिग्नलला वरखाली व्हायला जागा उरत नाही आणि आवाज फाटतो.

आता 1 मेग काढून 2.2 मेग लावायचा मोह होईल. डिप्लोमाला असताना मीही तेच केलं होतं. रेझिस्टर बदलत बदलत कलेक्टर 6 व्होल्टवर आणला, मग सहज ट्रान्झिस्टर चिमटीत धरला, तर मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत उतरायला लागला. नुसत्या बोटांच्या उबेनं! त्या दिवसापासून बीटाच्या भरवशावर मी एकही सर्किट उभं केलेलं नाही.

1 मेगऐवजी बेसला डिव्हायडर द्या, म्हणजे सप्लाय आणि ग्राउंडमध्ये दोन रेझिस्टर आणि त्यांच्या मधल्या जोडावर बेस: वर 68के, खाली 12के. एमिटरला (तिसऱ्या पायाला) ग्राउंडकडे 1के. बीटा 110 असो की 800, कलेक्टर 7.1 ते 6.7 व्होल्टमध्येच राहतो. हे माझ्या शब्दावर मानू नका. मॉडेलमधला बीटा पॅरामीटर करा आणि स्टेप कमांडनं 110, 200, 450, 800 असा फिरवून बघा. सिम्युलेटरचा खरा उपयोग हाच. एकाच आकड्यावर एकदा रन करून सर्किटचा कच्चेपणा कळत नाही.

राहिला गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते. एमिटर रेझिस्टरला समांतर कपॅसिटर नसेल तर तो पाचच्याही आत येतो. अख्ख्या 1केला कपॅसिटर लावून बायपास केला तर 200 च्या घरात जातो, पण 10 मिलिव्होल्ट पीकच्या इनपुटलाच सुमारे 10 टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे सिग्नलचा आकार बिघडतो. म्हणून 1केचे दोन भाग करा, 910 आणि 100 ओहम, आणि कपॅसिटर फक्त 910 वर टाका. गेन साधारण 38 मिळेल, आवाजही स्वच्छ येईल.

पण आधी सिग्नल न देता मीटर लावा. कलेक्टरला 7 च्या आसपास, एमिटरला 1.1 दिसले की मगच इनपुट जोडा.