अँटिव्हायरसने येणारे-जाणारे ईमेल तपासावेत का?

जाणारे तपासणं बंद करा. येणाऱ्यांचं चालू ठेवलं तर बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

अटॅचमेंट सेव्ह करता किंवा उघडता तेव्हा अँटिव्हायरसचं रिअल-टाइम स्कॅन ती फाइल तपासतंच. खरं कुंपण ते. ते मात्र कधीच बंद करू नका. जीमेल ब्राउझरमध्ये उघडत असाल तर ईमेल स्कॅनचा तसाही उपयोग नाही. ते आउटलुक, थंडरबर्डसारख्या प्रोग्रामसाठी असतं. शिवाय मेल आता एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात येतं. ते वाचायला अँटिव्हायरस स्वतःचं सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारं डिजिटल ओळखपत्र) मधे घुसवतो, आणि मग सर्टिफिकेटच्या चुका, टाइमआउट (वाट बघून जोडणी तुटणं) सुरू होतात.

इतवारीतल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे ८ एमबीचं कोटेशन सकाळपासून आउटबॉक्समध्ये अडकलेलं. बिचारा इंटरनेटवाल्याला शिव्या देत बसला होता! आउटगोइंग स्कॅनची टिक काढली, मेल दोन मिनिटांत गेलं.

जाणारं मेल तपासायची पद्धत मेलिसा (१९९९), आयलव्हयू (२०००) यांच्या काळातली. ते व्हायरस तुमच्या अॅड्रेस बुकमधल्या लोकांना स्वतःच मेल धाडायचे.

थंडरबर्ड वापरत असाल तर आणखी एक. त्यात साधारणपणे अख्खा इनबॉक्स एकाच फाइलमध्ये असतो. एका घाणेरड्या मेलपायी अँटिव्हायरसने ती फाइलच क्वारंटाइन केली, म्हणजे उचलून वेगळी कोंडून ठेवली, तर सगळी मेलं गायब. म्हणून बॅकअप आधी घ्या, सेटिंगला हात नंतर लावा.